माळ्यावरचं हँडल

दादा: म्हणजे ते हँडल तू नेलंस? आपल्या जुन्या सायकलचं? मुलाखतीला?

छोटी: धातू आतून कसे थकतात, त्यावरच पीएचडी आहे ना! येताना घरातली एक मोडकी वस्तू आणा, असं त्यांनीच कळवलं होतं. कुणी चमचा आणला, कुणी बिजागरी. मला माळ्यावर हे दिसलं.

दादा: माझी अब्रू दिसली म्हण की! सांगितलंस ना सगळ्यांना, या शहाण्याने बापाला मागे बसवून उतारावर सायकल सुसाट सोडली, हँडल मोडलं आणि बापाचा गुडघा कायमचा गेला?

छोटी: तुझ्यामुळे नाही मोडलं ते.

दादा: काय?

छोटी: सरांनी तुटलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अर्धी बाजू गुळगुळीत, तिच्यात रेघांमागे रेघा. म्हणजे तडा आधीपासून होता. रोजच्या हिसक्यांनी केसभर, केसभर पुढे सरकत होता. उरलेली अर्धी खरबरीत. तेवढीच त्या दिवशी तुटली.

दादा: थांब, थांब. पुन्हा सांग.

छोटी: तू कितीही हळू चालवली असतीस तरी मोडलंच असतं, दादा. आज नाही तर उद्या.

दादा: अगं, बारा वर्षं मी या घरात मान खाली घालून जेवतोय! चल, ऊठ. आत्ताच्या आत्ता बाबांना सांगू.

छोटी: आधी बस. तडा कुठून सुरू झाला ते ऐक.

दादा: कुठून का होईना!

छोटी: सायकल चोरीला जाऊ नये म्हणून हँडलवर छिन्नीने अक्षर ठोकलं होतं ना? त्या अक्षराच्या टोकापासून.

दादा: पण ते अक्षर तर... बाबांनी ठोकलं होतं.

छोटी: हो.

दादा: अरे देवा.

छोटी: जागा मिळाली मला. सर म्हणाले, याच हँडलपासून काम सुरू करा. आता घरात काय सांगू?

(बाबा काठी टेकत आत येतात.)

बाबा: काय कुजबुज चाललीय? मिळाली ना जागा? काय नेलं होतंस दाखवायला?

दादा: कात्री, बाबा. आईची मोडकी कात्री.

बाबा: बरं केलंस. मला वाटलं, माळ्यावरचं ते हँडल नेतेस की काय. उगाच चारचौघांत याची लाज निघाली असती. काही झालं तरी पोरगा आहे माझा.

छोटी: बाबा, ते हँडल...

दादा: बसा ना बाबा. किती वेळ उभे राहता त्या पायावर.