चिंधीची काकडी

...आणि वर तुम्ही मलाच म्हणता, एका काकडीचं काय एवढं घेऊन बसलात? तुम्हाला सांगतो, साधी काकडी असती तर बसलोच नसतो. ती बियाची होती. शेजारच्या इंदुताईंनी चिंधी बांधून वेलावरच राखलेली, पिवळी पडेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, तिच्यातून पुढच्या पावसाळ्याचं बी निघायचं. आणि हे बी त्यांच्या आईचं, लग्न होऊन कुरखेड्याला आल्या तेव्हा पदराच्या गाठीत आणलेलं, तीस वर्षं दर साली असंच धरलेलं. मला माहीत नव्हतं का? होतं. डायरीत लिहिलेलं आहे, तारखेसकट. लेकीकडे वरोऱ्याला जाताना कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, मी बारा दिवस नाई. वेलाच्या काकड्या तुमीच खा. चिंधीवालीले तेवढा हात लावू नोका." मी म्हटलं, "काऊन चिंता करता बाई, मी आहो ना."

मी होतो ना, तेच तर झालं. आणि कोशिंबीर चांगली झाली, हे खरं दुखणं.

अकराव्या दिवशी चंद्रपूरहून जावई आले, प्रफुल. बायकोनं मटणाचा जाळ रस्सा केलेला, त्याच्यासोबत थंडगार कोशिंबीर पाहिजेच, आणि ती मी करतो, घरात दुसऱ्या कुणाला करू देत नाही. वेलावर पाहतो तर एकच काकडी, चिंधीवाली. परत आलो. परत गेलो. मनाला म्हटलं, बी आपण जपून काढू, वाळवू, पुडीत बांधून देऊ, बाईंचंच काम हलकं होईल... अन् सोडली चिंधी. टोक कापून त्याच टोकानं घासघासून कडू फेस काढला, बी वेगळं केलं, काकडी बारीक कोचली, मीठ लावून पिळली, दही, दाण्याचा कूट, वरून मोहरी-मिरचीची फोडणी. जावई म्हणे, "मामाजी, अजून हाये का?" तीनदा म्हणे. चांगली झाली होती हो, नाही कसं म्हणू?

आणि बी? कोवळं ते, वाळून कागदाला चिकटलं, नुसतं फोलपट. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या. मग मी काय केलं... हसू नका... बाजारातून काकडी आणली आणि तीच चिंधी लावून वेलाला बांधली.

इंदुताई आल्या त्या पिशवी हातात घेऊनच वेलापाशी. चिंधीपाशी वाकून पाहिलं. "भाऊ, हे काकडी देठाबिगर कशी काय लटकून राह्यली?"

सांगितलं सगळं. चिंधी, मटण, जावई, फोडणीसुद्धा. कोशिंबीर चांगली झाली हेही तोंडून गेलं. आता बोलतील म्हणून मान खाली घालून उभा, बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या हसायलाच लागल्या. "जाऊ द्या न भाऊ. चिंधी पाह्यली का लोकायचा हात शिवशिवतेच, म्हणून ते नुसती दाखवाची. बियाची खरी तिकडं लपवली हाये, कुंपणाच्या काट्यात, पानाखाली. कोनाले दिसत नाई."

कुणाला दिसत नाही, अगदी खरं. पण मी पडलो पान न् पान उलटून पाहणारा माणूस. आहे डायरीत, दिवस दुसरा: 'कुंपणाच्या काट्यात एक सापडली. वीतभर, चार बोटं. बी कोंबड्यांना टाकलं. कोशिंबीर चांगली झाली.'