गेसिरला साबण

हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचे मायलेक चक्क मराठीत भांडत होते. मंजूषाने इयरफोनमधलं गाणं हळूच बंद केलं.

“आई, एवढं आइसलँडला नेलं, आणि तू त्या निपचित गेसिर झऱ्याच्या गरम पाण्यापाशी बसून राहिलीस! शेजारचा झरा केवढा उडत होता!”

“तो काय, दर दहा मिनिटांनी उडतो. पण आपल्या गीझरला नाव मिळालं ते ह्या म्हाताऱ्याचं.”

“त्याला साबण ओतून उडवायचे पूर्वी. पाहुण्यांसाठी.”

“आणि भूकंप झाला तेव्हा उडला, तो आपणहून!”

“बरं बाई. मंडळाच्या दिवाळीत तुझं गाणं ठेवलंय. बाबा गेल्यापासून तू गायलीच नाहीस. लोक कौतुक करतील, शाल देतील…”

“ओत, आणखी साबण ओत.”

“अगं, पत्रिकेत नाव छापलंय!”

“मग तूच गा.”

दोन स्टॉप मागे पडले. मग खिडकीकडे तोंड करून म्हातारीने असा खणखणीत सूर लावला, की ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

“आई! बसमध्ये? लोक बघतायत!”

“बघू देत. तू मागे सरक, नाहीतर भाजशील.”