तीन नंबरचं घर

…नाही, पण मला एक सांगा, माणसानं स्वतःचं घर ओळखायचं कशावरून? नंबरावरूनच ना? चौतीस वर्षं मी चामराजपेटेत टपाल वाटलं, हयवदन पोस्टमन म्हटलं की भाजीवाला अजून दोन मिरच्या जास्त टाकतो, आणि तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. रंग बदलतो, दार बदलतं, भाडेकरू बदलतात… नंबर बरोबर तर घर बरोबर. आणि मीच चुकावं? तेही माझ्याच घराच्या बाबतीत?

आता ऐका. हर्षिता, म्हणजे माझी मुलगी, आर्किटेक्ट. दुसऱ्याच्या ऑफिसात पाच वर्षं राबली, मग नोकरी सोडली, म्हणाली, "अण्णा, स्वतःचं काम सुरू करते, पहिलं आपलंच घर करायला घेते." आपलं घर ते केवढं, वीस बाय तीसची साइट, एकानं हात लांब केले तर दुसऱ्यानं वळसा घालून जायचं. म्हटलं, सरी, ठीक आहे, कर. सहा महिने भाकरीबरोबर सिमेंट खाल्लं. पण झालं छान हं, खोटं कशाला बोलू? जिन्याखाली दुपारी उजेड येतो, आमच्या बायकोला, वसुमतीला, पोळ्या लाटताना वारा लागतो. मग पोरीनं ते घर 'उत्तम मने' स्पर्धेत घातलं. मने म्हणजे कन्नडात घर, एका मासिकाची स्पर्धा होती. दहा घरं, लोकांनी फोनवर फोटो बघून मतं द्यायची, आणि जे घर पहिलं येईल त्याच्या आर्किटेक्टला येलहंकाला आठ घरांचं काम. आठ! पोरीचं बस्तान बसायची वेळ आली होती बघा. आणि गंमत म्हणजे मत देणाऱ्यालाही बक्षीस, ज्यांचं मत पहिल्या घराला त्यांच्या चिठ्ठ्या टाकून. म्हणजे मतही मीच देणार आणि बक्षीसही मलाच… निवडणुकीत असं केलं तर धरून नेतात की नाही?

तर फोटोवाले आले. घराचा फोटो काढायचा म्हणजे आधी घरातून घर बाहेर काढायचं, हे मला त्या दिवशी कळलं. माझी खुर्ची शेजारी गुंडोअण्णांकडे, लोणच्याच्या बरण्या गुंडोअण्णांकडे, वाळत घातलेले माझे पंचे गुंडोअण्णांकडे, शेवटी मी आणि वसुमतीसुद्धा गुंडोअण्णांकडे. आणि आमच्या घरात काय ठेवलं? एक पांढरं भांडं, त्यात एक वाळकी काटकी. मी विचारलं, ही कुणाची? तर तो फोटोवाला म्हणतो, "सार, स्वल्प सरका, सावली पडतेय." माझ्या घरात माझीच सावली अडचणीची झाली.

मग मतदान. हर्षितानं तिच्या फोनवर बघितलं, म्हणाली, "अण्णा, आपलं तीन नंबरला आहे, मत द्या, मी होसकोट्याला चालले, एका गिऱ्हाइकाला भेटून येते." घरांखाली कुणाचं नाव नाही, निकालापर्यंत गुप्त म्हणे. मी माझा फोन उघडला. एक, दोन, तीन. तीन नंबरला झोपाळा, मागं केळी.

वसुमती म्हणाली, "अहो, आपल्याकडे झोपाळा कुठाय?"

"काटकी तरी कुठं होती? फोटोसाठी आणला असेल."

"आणि केळी?"

"तीही आणली असतील."

"मुळासकट?"

म्हटलं, "वसुमती, नंबर तीन आहे की नाही?" म्हणाली, "आहे." मग झालं. नंबर बरोबर तर घर बरोबर. दिलं मत.

पण एका मतानं काय होतंय? बसलो फोन घेऊन. पार्कात चालणारे, पेन्शनीतले, वसुमतीच्या भजनातल्या बायका, सगळ्यांना कळवलं, तीन नंबर, तीन नंबर, दुसरीकडे बोट लावायचं नाही. भाचा रविकिरण विचारतो, "मामा, तुमच्याकडे पोहायचा तलाव कधी झाला?" मी लिहिलं, फोटोसाठी आणला असेल, दे. भजनातली वीणाअक्का म्हणते, "तीन नंबरला मला नुसती काळी भिंत दिसतेय." मी लिहिलं, तीच, दे. आता तुम्ही म्हणाल, इथं तरी शंका यायला हवी होती. अहो, पण कशावरून यावी? मी माझं रिकामं घर बघितलं होतं त्या दिवशी, मलाच ते कुणाचं तरी वाटलं होतं. एकशे चाळीस माणसं. सगळ्यांचं उत्तर आलं, दिलं.

निकाल लागला. आमचं घर नववं, दहांत.

हर्षिता जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "अण्णा, एकशे चाळीस माणसांना तुम्ही नेमकं काय सांगितलंत?" म्हटलं, तूच सांगितलंस ते, तीन नंबर. तिनं डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "तीन नंबर माझ्या फोनवर, अण्णा. प्रत्येकाच्या फोनवर क्रम वेगळा येतो. कुणावर अन्याय नको म्हणून घरं ढवळून दाखवतात."

घरं ढवळतात? घर म्हणजे काय सांबार आहे? चौतीस वर्षांत एक पत्र चुकलं नाही आणि एका दुपारीत एकशे चाळीस… दहा दारांत वाटून आलो. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. रागावली नाही, आत जाऊन माझ्यासाठी कॉफी केली. पोरीचं आठ घरांचं काम मी माझ्या हातानं घालवलं होतं.

आणि त्यावर कडी म्हणजे फोन आला! "अभिनंदन, सार, मतदारांचं पहिलं बक्षीस तुम्हाला." कारण पहिलं आलं ते झोपाळ्याचं घर, आणि त्याला माझं स्वतःचं मत. बक्षीस काय? जिंकलेल्या आर्किटेक्टकडून घरातली एक खोली फुकट सजवून मिळणार. मी नको म्हणत होतो, तर हर्षिताच म्हणाली, "येऊ द्या, अण्णा. ती आर्किटेक्ट काय काय बदलते ते बघायचंय मला."

आली. संपदा नाव, आमच्यातलीच निघाली, मराठी बोलली. चांगली मुलगी हो, राग धरावा अशीसुद्धा नाही. माझ्या खुर्चीत बसली. बरण्या बघितल्या, दोरीवरचे पंचे बघितले, जिन्याखालच्या उजेडात हात धरून बघितला. दुसऱ्यांदा कॉफी मागून घेतली. हर्षिता दारात उभी, मी घामाघूम.

मग संपदा म्हणते, "काका, इथं मी काय करू? यातलं काही हलवायचं नाही. खरं सांगू, माझ्या घरापेक्षा हे चांगलं आहे. हे तुम्ही स्पर्धेत का नाही पाठवलं?"

मी हर्षिताकडे बघितलं. हर्षितानं माझ्याकडे.

म्हटलं, "पाठवलं होतं की. तीन नंबर."