पानोपानी तोफखाना

झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या घरच्या ग्रुपवरच्या गप्पांचं दुकानदार पुस्तक करून देत होता.

"ताई, 'शुभ सकाळ' सगळ्या काढल्या. चारशे पानांची नव्वद झाली."

"छान. सासूबाईंना वाढदिवसाला द्यायचंय."

"एक विचारू? हे 'तोफखाना' कोण?"

"कोण?"

"पानोपानी आहेत. हे बघा, 'तोफखाना: सगळे जेवलात का?'"

"अगंबाई. ते नाव इथं कसं आलं?"

"तुमच्या फोनमध्ये जे नाव, तेच फाइलमध्ये उतरतं."

"सगळीकडे 'आई' करा. आधी ते करा."

"केलं. आणि हे 'होयबा'?"

"ते आमचे हे. राहू द्या, विचारलं तरी हो म्हणतील."

"म्हणजे कालच्या आजी तुमच्या सासूबाई. ह्याच गप्पा छापून घेऊन गेल्या, मोठ्या अक्षरात."

"कुणाच्या फोनवरून?"

"त्यांच्याच."

"मग त्यात माझं नाव काय होतं?"

"ताई, पुठ्ठा निळा लावू की हिरवा?"