हद्दीच्या अलीकडे

माहा जलम देऊळघाटचा, बुलढान्याजवळचा, आन तवा वऱ्हाडाचा कारभार इंग्रज नागपुराहून पाहे. आमचा भाजीपाल्याचा मळा, वांगे, मेथी, कांदे, माय-बाबा दिवसभर वाफ्यात, आन आमी दोघी बहिनी, सखू मोठी, मी यमुना धाकटी. सखूचं लगन नवव्या वर्सी झालं, चिखलीकडं देल्ली तिले, आन तेराव्या वर्सी बायंतपनात गेली, लेकरूही गेलं. काय सांगू तुमाले, पोटुशी होती तरी दिवाळीले आली तं चिंचेखाली माह्यासंगं गोट्या खेळे, आन माय म्हने, अवं सखू, आता खाली बसू नको, तं हासे. लेकरूच होती ते.

तिच्या तेरवीलेच तिच्या नवऱ्याच्या चुलत्यानं बाबाजवळ गोष्ट काढली, की तुमच्या घरी दुसरी पोरगी हाय, तीच द्या, सोयरीक तुटू नये. सखूचा नवरा तिशीचा बाप्या, आन मी दहाची. बाबा हो म्हनला. माय चुलीपाशी होती, तिच्या हातची भाकर जळाली तरी तिनं उलटली नाही, हे मी पाह्यलं.

मी तवा शाळेत जाऊन राह्यली होती, आमी पोरी तिघीच, दाराजवळ बसावं लागे. मास्तरले समजलं तं ते मळ्यात आले, म्हने सरकारनं कायदा केला, चौदाच्या आत पोरीचं लगन लावलं तं लावनाऱ्याले शिक्षा हाय. बाबा म्हनला, कायदा सरकारचा, पोरगी माही. मास्तर भले मानूस, पन ते काय करतीन, कोनीतरी कोरटात फिर्याद केल्याबिगर सरकार हालत नाही म्हने, आन गावात राहून गावाइरुद्ध फिर्याद कोन करीन. मास्तर गेले. मी वांग्याच्या वाफ्यात बसून सारं आयकलं होतं, आन चौदा हा आकडा मी डोक्यात पक्का करून ठेवला.

पन बाबा मनातून भेला. मंग माह्या काकानं रस्ता काढला, की देऊळगावराजाच्या पलीकडं मोगलाई लागते, निजामाचं राज्य, तिथं हा कायदा नाही, तिथं नेऊन लगन लावू. असं लई जन करत. म्हंजे पाहा, एक हद्द, तिच्या अलीकडं गुन्हा आन पलीकडं हळद! पोरगी तेच, वय तेच.

दोन दिवसाची वाट बैलगाडीनं. नवरदेवाकडचे लोकं पुढं गेले होते, गाडीत मी, माय, बाबा आन काका. मले नवं हिरवं लुगडं नेसवलं, ते इतलं मोठं की कमरेवर त्याची वळकटीच झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी निजामाचा नाका आला, मालावर जकात घ्याचे तिथं. काका शिपायाले सामान दाखवाले उतरला. मी मायले इचारलं, हेच का हद्द. माय हाव म्हनली, पन माह्याकडं पाह्यलं नाही तिनं. मी उडी मारली.

रस्त्याच्या कडंले हद्दीचा दगड होता, त्याच्या अलीकडं मी बसली आन दगडाले दोन्ही हातानं कवटाळलं. बाबा म्हनला, ऊठ. मी म्हनलं, मी पलीकडं येत नाही, मी दहाची हाओ. काकानं ओढलं तं मी त्याच्या मनगटाले चावली, रगत काढलं, आजही मले त्याचं वाईट वाटत नाही. निजामाचा म्हातारा शिपाई आला, म्हने क्या हुआ बच्ची. मी म्हनलं, माहं लगन लावून राह्यले, गुन्हा हाय. तो म्हनला, बेटी, वो तुम्हारे उधर गुन्हा है, इधर नहीं. मी म्हनलं, मंग मी इकडंच बसतो. तो बाबाले म्हनला, गाडी हटाव, पीछे कपास की गाड़ियाँ खड़ी हैं, आन बाजेवर जाऊन बसला. इकडचं सरकार तिथं नव्हतंच, आन तिकडचं होतं ते चिलीम ओढून राह्यलं.

मंग माय उतरली. बाबाले वाटलं आता ते मले उचलून आनीन. माय माह्याजवळ मातीत बसली, पदर सारखा केला. बाबासमोर कधी मोठ्यानं न बोललेली बाई ते, पन त्या दिवशी मागच्या गाडीवाल्यायलेही आयकू गेलं.

एक पोरगी देल्ली तुमाले. ही देत नाही.

बाबा गाडीपाशी गेला. मंग त्यानं बैल फिरवले. कायद्याले भेला का मायले भेला, हे त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही.

तो हंगाम बाबा मायसंगं बोलला नाही, भावकीनं आमाले दोन वर्सं कोन्या कार्याले बोलावलं नाही. त्याचं काही नाही. पन सखूच्या नवऱ्याचं लगन पंधरा दिवसात त्याच मोगलाईत झालं, नऊ वर्साची पोरगी होती म्हने. मी वाचली तं तिचा नंबर लागला. तिचं नावही मले माईत नाही, आन ह्या वयातही ते पोरगी माह्या मनातून जात नाही.

मी चौथी पास झाली, अठराव्या वर्सी लगन केलं, मानूस चांगला भेटला. चाळीस वर्सं बुलढान्याच्या बाजारात भाजी इकली, चार लेकरं वाढवले. इंग्रज गेला, निजाम गेला, कायद्यातलं वय अठरा झालं. तरी आमच्या गल्लीत मागच्या उन्हाळ्यात नववीतल्या पोरीले पाहाले पाव्हने आले. मी काठी टेकत गेली. लोकं म्हनतात बुढी भांडखोर हाय, म्हनू द्या. पाव्हन्यायसमोर मी त्या पोरीले म्हनलं, बाई, तुह्या मनात काय हाय ते आता बोल, मी आयकून राह्यली. बाप उठून उभा झाला, मी त्याले म्हनलं, बस बे.

पोरगी हळूच बोलली, पन बोलली. मले शाळेत जायचं हाय म्हनली. तिचं तोंड असंच चालत राहो, मले दुसरं काय पाह्यजे.