घडीवर कात्री लावायची नाही!

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही दचकता फार!" अहो, दचकणार नाही तर काय करणार? तुम्हाला सांगते, पाच वर्षांची चिमुरडी, प्रत्येकाच्या हातात कात्री, आणि मध्ये मी! कॉलेजात बालमानसशास्त्राला चांगले गुण होते मला. पण त्या पुस्तकात कात्री नव्हती हो कुठे. सगळी मुलं नुसती 'व्यक्त' होत होती.

तर बर्फाची फुलं करायची होती. कागदाची. दरवर्षी हिवाळ्यात बालवर्गाच्या खिडकीला लावतात. चौकोनी कागद घ्यायचा, घडी, परत घडी, परत घडी, की समोशासारखा... जाऊ दे, त्रिकोण म्हणू या. मग मोकळ्या कडांना बारीक बारीक खाचा. उलगडलं की फूल! एकच नियम, घडीवर कात्री लावायची नाही. कारण घडीनंच सगळं धरून ठेवलेलं असतं ना! घडी कापली की फुलाचे तुकडे हातात.

"काय करायचं नाही?" मी विचारते.

"घडीवर कात्री लावायची नाहीऽऽ!" सगळे एका सुरात ओरडतात. आणि ओरडता ओरडता घडीवर कात्री लावतात.

पण मला खरी धास्ती होती ती त्याची नव्हेच. ती होती मफलरवालीची.

मफलरवाली म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. मागच्या आठवड्यात तिचे आजोबा गेले. रोज तेच तिला सोडायला यायचे. आता त्यांचा मफलर येतो, तिच्या गळ्यात, तीन वेढे घालून, नुसते डोळे दिसतात. आणि घरच्यांनी तिला सांगितलंय काय, तर आजोबा गावाला गेलेत! तिची आई आली होती, डोळे सुजलेले, माझा हात धरून म्हणाली, "बाई, तेवढं सांभाळा. ती फार हळवी आहे. मी सांगेन तिला सावकाश." लगेच मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बोलताना चष्म्यावरून बघतात, त्यामुळे चष्मा कशाला लावतात कळत नाही. "हे पाहा, तुम्ही अजून कायम नाही. पोरीसमोर एक शब्द गेला ना तोंडातून, तर उद्यापासून येऊ नका. कुणी विचारलंच तर काय सांगायचं?"

"गावाला गेलेत."

"चाचरू नका. परत म्हणा."

झालं! आठवडाभर मी तेवढं एकच वाक्य पाठ करत होते. दात घासताना, गावाला गेलेत. बसथांब्यावर, गावाला गेलेत. शेजारचे काका म्हणाले, "कोण?" मी दचकले, म्हटलं, "कुणी नाही!"

आणि त्या दिवशी नेमक्या मोठ्या बाई वर्ग बघायला दारात उभ्या! मी म्हणतेय, "मुलांनो, घडीवर..." तेवढ्यात आमच्या वकिलाचा हात वर. हा वकील पाच वर्षांचा आहे. पुढचे दोन दात नाहीत, पण उलटतपासणी चोख.

"ताई, हे फूल खिडकीत वितळेल?"

"नाही रे राजा, हे कागदाचं आहे."

"मग खरा बर्फ वितळला की कुठे जातो?"

आता सोपं उत्तर होतं हो! पाणी होतं, म्हणायचं. एवढी शिकलेली मी! पण नेमक्या त्याच क्षणी शाळेच्या कामवाल्या मावशींच्या हातून उरलेल्या कात्र्यांचा डबा फरशीवर आदळला, खण्णकन्! मी अशी उडाले, आणि तोंडातून काय बाहेर पडावं?

"गावाला!"

मोठ्या बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"कुठल्या गावाला?" वकील.

"ल्... लांबच्या."

"परत कधी येतो?"

"पुढच्या हिवाळ्यात." म्हणजे बर्फ हो! मी बर्फाचंच सांगत होते! पण कोपऱ्यातला मफलर हलला. आठवडाभरात पहिल्यांदा त्या पोरीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हे मी काय करून बसले? माणूस परत येणार म्हणून सांगून टाकलं! हिवाळ्यासकट!

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचं फूल तिनं इतकं मन लावून कापलं होतं, जीभ ओठाबाहेर काढून. तिनं उलगडलं... दोन तुकडे. घडीवर कात्री! मलाच रडू फुटायला लागलं. म्हटलं, "थांब हं, डिंकानं चिकटवू या..."

तर ती मफलर जरासा खाली ओढून माझ्या कानात म्हणाली, "नको ताई. आजोबा गावाला नाही गेले. मेलेत. मी झोपले नव्हते तेव्हा. सगळं ऐकलं."

मी डिंकाची बाटली परत खाली ठेवली.

"पण आईला सांगू नका हां. ती रडते. तिला वाटतं मला माहीत नाही." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आई नीट सांगते गावाचं. तुम्हाला नाही जमत."

शाळा सुटली. आई दारात. "बोलली का काही?" मी मान हलवली. नाही. तिनं लेकीच्या हातातले तुकडे पाहिले, "अगंबाई, फाटलं का गं?"

आणि ती पोरगी, डोळ्याची पापणी न हलवता, "ताईंनी घडीवर कात्री लावली."

मी म्हटलं, "हो. चुकून." दुसरं काय म्हणणार! दोघी गेल्या, एकमेकींचा हात घट्ट धरून. रस्ताभर एकमेकींना सांभाळत असणार. दोघींचं गुपित एकच, आणि ते ठेवायला दिलंय कुणाकडे? खुर्ची सरकली तरी किंचाळते त्या बाईकडे!

मोठ्या बाई खूष. "शाब्बास. तोंड बंद ठेवायला शिकलात. कायम करते तुम्हाला." चार महिने मी जीव तोडून शिकवलं, तेव्हा नाही! गप्प बसले, तेव्हा कायम.

आता कापूस लावून बर्फाचा माणूस करायचाय. काल नुसतं नाव काढलं, तर वकील उठलाच, "ताई, हा माणूस वितळला की कुठल्या गावाला..."

तेवढ्यात कोपऱ्यातून मफलर बोलला, "गप रे! ताईंना नको विचारू. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

बसले मग कापूस पिंजत.