परत पाठवलेलं दूध

मागची मंडळी, सरका पुढं. खांबाला टेकलेलेही सरका! मला आधी एक सांगा – काटकसर हा सद्गुण आहे ना? माना कशा डोलल्या बघा! तेल पुरवून वापरणाऱ्या बाईला आपण घरची लक्ष्मी म्हणतो. बरं, मग दुसऱ्याच्या लेकराच्या वाटीतलं दूध एखाद्यानं वाचवलं, तर त्याला काय म्हणाल? ...का? आता का गप्प? असू द्या. ऐका.

तिकडं नागपूरच्या पुढं मिरचीचा मुलूख आहे. हंगामात उघड्या रानात लाल मिरचीचे डोंगर लागतात. त्या जागेला सातरा म्हणतात. बाया ओळीनं बसून दिवसभर देठं खुडतात. हातांची अशी आग होते, मंडळी, की ताकात बुडवले तरी निवत नाहीत! आणि अंगावर पिणारं लेकरू असेल, तर? आईनंच लेकराला हात लावायचा नाही!

म्हणून तिथं सरकारी पाळणाघर होतं. पैसा दिल्लीचा. पाळणाघर सांभाळायची पार्बताबाई, आणि तिच्यावर अधिकारी होत्या कुंदाताई ढोमणे. कुंदाताई शिकलेल्या, सचोटीच्या. त्या कचेरीत शिरल्या की माणसं आपण होऊन पंखे बंद करायची!

एकदा पार्बताबाई म्हणाली, "बाई, सातरा दिवे लागेपर्यंत चालते, अन् आपण चारलेच कुलूप लावतो. लेकरं मंग त्या ढिगाजवळच जाऊन बसतेत. सांजेपर्यंत उघडं ठिवू द्या ना. अन् एकेक वाटी दूध. पैसा तं येते ना आपल्याले?"

पैसा येत होता. कुंदाताईंना ते ठाऊक होतं. पण हात आखडता घ्यायची सवय! "एकदा पायंडा पडला की मोडता येत नाही, पार्बताबाई. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी लेकरं मोठी होतीन, बाई," असं म्हणून ती हसली आणि कामाला लागली.

मार्च आला. कचेरीतले हेडक्लार्क भाऊराव – मुरलेला माणूस! म्हणाले, "मॅडम, पैसा उरला तो गेला. खर्चून टाका! पडदे घ्या."

"अहो, पाळणाघराला खिडकी एक आहे!"

"मग एकाच खिडकीला चार घ्या!"

हसा, हसा! असा एक भाऊराव प्रत्येक कचेरीत असतो. पण कुंदाताई हसल्या नाहीत. "देशाचा पैसा आहे, भाऊराव. देशाकडे परत जाईल." उरलेली सगळी रक्कम त्यांनी परत पाठवली. त्या दिवशी बाईंना पोटभर जेवण गेलं.

पुढच्या फेब्रुवारीत दिल्लीत नवा अर्थसंकल्प मांडला गेला. भाषण झालं, बाकं वाजली. आणि पाळणाघरांची तरतूद – निम्मी! आता तुम्ही म्हणाल, तो कापणारा दुष्ट असेल. नसेल हो! पूल बांधायचे, कर्ज फेडायचं. पांघरूण एक आणि पाय अनेक. त्यानं एवढंच पाहिलं – पैसे परत कुठून आले? तिथं गरज नाही! एप्रिलात पार्बताबाईच्या पाळणाघराला कायमचं कुलूप लागलं.

कुंदाताई नागपूरला धावल्या. वरिष्ठ साहेब शांतपणे म्हणाले, "ढोमणे मॅडम, पैसे पुरून उरतात हे आम्हाला कळवलं कुणी? तुम्हीच ना?"

"साहेब, मी काटकसर केली होती."

"ती कागदावर दिसत नाही हो. कागदावर फक्त उरलेलं दिसतं. मुलांना काही हवं होतं, तर द्यायचं होतंत की! मंजूर होतं."

मंजूर होतं, मंडळी! भाऊरावांचे पडदे आणि बाईंची शिल्लक, या दोहोंच्या मधे एक दुधाची वाटी होती. ती दोघांनाही दिसली नाही!

तिथून बाई थेट सातऱ्यावर गेल्या. ठसक्यानं जीव घुसमटत होता. पार्बताबाई आता त्याच ओळीत देठं खुडत बसलेली. तिच्या शेजारी वनिता, आणि तिचं रांगतं पोर. पोर ढिगाकडं सरकलं, मिरची चिवडली आणि तोच हात डोळ्याला नेला – काय किंकाळी फोडली! वनिता उठली, झेपावली – आणि पोराच्या पुढ्यात येऊन थबकली! दोन्ही हात वर, आभाळाकडं! "घ्या वं कोणी माह्या लेकराले! घ्या वं कोणी!" भोवती एवढ्या बाया, पण घेणार कोण? साऱ्यांचे हात तसलेच!

कुंदाताई धावल्या. पोर उचललं, माठातल्या पाण्यानं डोळे धुतले. ते हुंदके देत त्यांच्या खांद्याला चिकटलं.

पार्बताबाई ओळीतूनच म्हणाली – तिच्या बोलण्यात राग नव्हता हो, साधी चौकशी होती – "बाई, उद्या येसान का लेकराले घ्याले?"



मंडळी, बाई चोर नव्हत्या. चोर असत्या, तर मला ही कथा सांगणं सोपं गेलं असतं. चोरीचा माल कधीतरी हाती लागतो. पण ज्या संध्याकाळी लेकरं त्या ढिगाजवळ उपाशी बसली, ती संध्याकाळ आता कोण परत देणार?

आज सकाळी तुमच्या देवस्थानाच्या सभेत अन्नदानाची शिल्लक वाचून दाखवली. भरघोस आहे. टाळ्याही भरघोस झाल्या. उत्सवाचं जेवण आता मागं मांडलंय. वाढायला सुरुवात करण्याआधी कुणीतरी एकानं उठून महाद्वाराबाहेर कोण कोण बसलंय, तेवढं पाहून यावं.

जा. मी थांबतो.